‘जवळची मेमरी’ म्हणजे नेमकी कोणाच्या जवळची?

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, मेमरी वाटप धोरणांवर जे दस्तऐवज आहेत, त्यांतले एखादे वाक्य बदलायला गेलेला नवखा माणूस हमखास गांगरतो. दोन ओळींचा पॅच म्हणजे बदलाचा प्रस्ताव, कोडला हातही लावलेला नाही, आणि तपासणारे विचारतात, ‘जवळचा नोड’ (नोड म्हणजे प्रोसेसर आणि त्याला चिकटलेली मेमरी) म्हणजे कोणाच्या जवळचा? वाटप नेमके कधी झाले असे धरायचे? शब्दांचा एवढा कीस का काढतात, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

सुरुवात मॅलॉकपासून, म्हणजे प्रोग्रामने मेमरी मागायच्या फंक्शनपासून करू, कारण ते पान बहुतेकांनी कधी ना कधी उघडलेले असते. त्या मॅन्युअल पानावर पूर्वी ‘दोष’ या मथळ्याखाली एक परिच्छेद होता. लिनक्स आशावादी पद्धतीने मेमरी वाटतो, मॅलॉकने पत्ता दिला म्हणजे तेवढी मेमरी खरोखर शिल्लक आहे असे समजू नका, असे त्यात म्हटले होते. लगेच पुढे, हा फारच वाईट दोष आहे, असा शेराही मारलेला होता. आता तोच मजकूर ‘टिपा’ या मथळ्याखाली आहे आणि शेरा गळाला आहे. कर्नलचा स्वभाव मात्र बदललेला नाही. आधी होकार द्यायचा, मेमरीच्या पानाला, म्हणजे तिच्या ठरावीक मापाच्या तुकड्याला, प्रत्यक्ष हात लागेल तेव्हा मेमरी शोधायची आणि नाहीच मिळाली तर मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या ओओएम किलरकरवी कोणाचा तरी बळी द्यायचा. ज्याला ही उधारी नको त्याच्यासाठी ओव्हरकमिटची, म्हणजे असलेल्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करण्याची, सेटिंग आहे. ० म्हणजे अंदाजाने, १ म्हणजे कधीच नाही म्हणायचे नाही आणि २ म्हणजे काटेकोर हिशेबाने. या शेवटच्या पद्धतीत मर्यादा ठरते ती स्वॅप (डिस्कवरची पूरक जागा) अधिक रॅमचा ठरावीक हिस्सा, आणि तो हिस्सा मुळात ५० टक्के असतो. स्वॅप नसलेल्या यंत्रावर २ लावून ठेवणाऱ्याला रॅम रिकामी दिसत असताना नकार येऊ लागतात ते यामुळे. काल ज्याला दोष म्हटले जात होते ते आज धोरण आहे. तो परिच्छेद एका मथळ्याखालून दुसऱ्याखाली हलवण्याला निव्वळ आवराआवर म्हणायला माझी जीभ वळत नाही.

खरी गुंतागुंत आली ती न्यूमामुळे, म्हणजे मेमरी प्रोसेसरांमध्ये विभागलेल्या रचनेमुळे. २००३ मध्ये एएमडीचा ऑप्टेरॉन आला आणि मेमरी कंट्रोलर थेट प्रोसेसरच्या चिपवर गेला. एसजीआयसारख्या कंपन्यांच्या अवाढव्य यंत्रांत असलेली विभागणी आता दोन प्रोसेसरच्या साध्या सर्व्हरमध्येही दिसू लागली. काही मेमरी आपल्या प्रोसेसरला चिकटलेली, बाकीची शेजाऱ्याकडची, आणि शेजाऱ्याकडे जायचे तर वेळ जास्त. जून २००४ मधल्या २.६.७ आवृत्तीत सुसे या लिनक्स कंपनीचे अँडी क्लीन यांनी केलेले काम दाखल झाले आणि कोणती मेमरी कुठून घ्यायची हे प्रोग्रामला सांगता येऊ लागले. धोरणे चार होती. डिफॉल्ट म्हणजे जिथल्या तिथे, बाइंड म्हणजे सांगितलेल्या नोडांच्या बाहेर जायचे नाही, प्रिफर्ड म्हणजे शक्यतो अमुक नोडवरून आणि इंटरलीव्ह म्हणजे खेळातले पत्ते वाटावेत तसे एकेक पान प्रत्येक नोडवर. स्वतः कर्नलही सुरू होताना इंटरलीव्हच वापरतो. नाहीतर पहिल्याच नोडवर सगळा बोजा पडेल.

या सगळ्याचा सविस्तर दस्तऐवज मात्र २००७ साली आला. एचपीचे ली शर्मरहॉर्न यांनी तो लिहिला आणि त्याच सुमारास त्यांनी मॅन्युअल पानेही सुधारली. एमबाइंड या धोरण लावणाऱ्या सिस्टिम कॉलच्या पानाच्या मूळ फाइलमध्ये त्यांच्या नावापुढे बदलाचा तपशील एवढाच आहे, ‘वर्तनाचे अधिक काटेकोर वर्णन’. त्या काटेकोरपणात काय दडले होते ते पाहण्यासारखे आहे. एखाद्या प्रोग्रामने मोठा अॅरे मागितला, मुख्य थ्रेडने (थ्रेड म्हणजे प्रोग्राममधली समांतर चालणारी धार) त्यात शून्ये भरली आणि मग १६ थ्रेड दोन्ही प्रोसेसरांवर कामाला लागले असे समजा. अॅरेची सगळी पाने मुख्य थ्रेड ज्या नोडवर चालत होता तिथेच बसतात, कारण मागणी कोणी केली यापेक्षा पहिला स्पर्श कोणी केला याला महत्त्व आहे. दस्तऐवजात ‘मागणाऱ्याच्या जवळ’ असे सैल लिहिले, तर निम्मे थ्रेड का रखडतात हे वाचणाऱ्याला कधीच कळणार नाही. फाइल मॅप केली, म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीशी जोडली, तर आणखी फाटे फुटतात. साध्या फाइलच्या सामायिक मॅपिंगवर लावलेले धोरण सरळ दुर्लक्षिले जाते, खाजगी मॅपिंगवर ते फक्त लिहिताना प्रत निघते तेव्हा लागू होते. कोड वाचून हे निघते, पण कोड वाचायला किती जण बसतात?

लिहिलेले कसे शिळे होते याचा नमुना बाइंडमध्येच आहे. अनेक नोड दिले असतील तर सर्वांत लहान क्रमांकाच्या नोडपासून मेमरी संपवत जायची, अशी जुनी रीत होती. क्रमांकाचा आणि अंतराचा काही संबंध नसतो, तेव्हा यामागे फार खोल विचार असेल असे वाटत नाही. २००८ च्या २.६.२६ मध्ये मेल गॉर्मन यांनी झोनच्या (मेमरीच्या विभागांच्या) याद्यांची रचना बदलली आणि आता जवळच्या नोडला आधी मान मिळतो. एमबाइंडच्या पानावर नवे वाक्य आले आणि जुनी रीत ‘२.६.२६ पूर्वी’ असे म्हणून कंसात ठेवली. तो कंस काढू नये. जुन्या कर्नलवर मोजलेले आकडे ज्याच्याकडे असतात, त्याला त्यांचा अर्थ त्या कंसातच सापडतो.

कर्नलच्या आतल्या वाटपाची कथा याहून ओशाळवाणी. २००७ च्या सुमारास जीएफपी टेम्पररी नावाचा एक फ्लॅग, म्हणजे मागणीसोबत द्यायची खूण, आला, अल्पकाळ लागणाऱ्या मेमरीसाठी. अल्पकाळ म्हणजे किती? मेमरी धरून ठेवणाऱ्याने झोपायचे, म्हणजे थांबून वाट पाहायची, की नाही? हे कुठेच लिहिलेले नव्हते, म्हणून ज्याने त्याने आपापल्या समजुतीने तो वापरला. शेवटी २०१७ मध्ये ४.१४ आवृत्तीत मिखाल होको यांनी हेच प्रश्न मांडून तो काढून टाकला. दुसरी गोष्ट २०१४ ची. ८ पानांपर्यंतची, म्हणजे ४ केबीच्या पानांच्या हिशेबाने ३२ केबीपर्यंतची नेहमीची मागणी कर्नल सहसा नाकारतच नाही, मिळेपर्यंत घिरट्या घालतो, हे कित्येक फाइलसिस्टिमवाल्यांना तेव्हा कळले. अपयश हाताळायचा कोड त्यांनी इमानेइतबारे लिहिला होता, पण तो कधी चाललाच नव्हता. उलट एखादे लॉक धरून मेमरीची वाट पाहायची, आणि ओओएम किलरने निवडलेल्या प्रोसेसला मरण्यासाठी तेच लॉक हवे असायचे. कोणता फ्लॅग कधी वापरायचा हे सांगणारे मार्गदर्शक पान २०१८ मध्ये आयबीएमचे माइक रॅपोपोर्ट यांनी लिहिले.

त्याच वर्षी रॅपोपोर्ट यांनी मेमरीचे जुने साधे मजकूर स्फिंक्स या दस्तऐवज बनवण्याच्या साधनाच्या स्वरूपात आणले. ती व्यवस्था कर्नलमध्ये २०१६ पासून होती. तेव्हापासून न्यूमा धोरणांचे पान प्रशासकांच्या विभागात आहे. असल्या स्थलांतरात तपासणाऱ्याची कसोटी लागते. शेकडो ओळींत फक्त मोकळ्या जागा आणि चिन्हे बदललेली असतात, आणि मध्येच एका ओळीत ‘करू शकतो’चे ‘करतो’ झालेले असते. म्हणून स्वरूपाचा पॅच वेगळा आणि मजकुराचा वेगळा, असा आग्रह धरला जातो.

पुढे धोरणे वाढत गेली. ५.१५ मध्ये, २०२१ साली, एकाऐवजी अनेक नोडांना पसंती देण्याची सोय आली. २०२४ च्या ६.९ मध्ये वजनदार इंटरलीव्ह आला, म्हणजे वेगवान मेमरीवर जास्त पाने आणि सीएक्सएलसारख्या, बाहेरून जोडलेल्या संथ मेमरीवर कमी. प्रत्येक नोडचे वजन १ ते २५५ मध्ये द्यायचे. वजन मध्येच बदलले तर आधी वाटलेल्या पानांचे काय, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर वजनांच्या दस्तऐवजात सुरुवातीपासूनच आहे. नवे वजन नव्या वाटपालाच लागू, जुनी पाने जागची हलणार नाहीत.