रंध्याचा तळ: सपाटपणा आला कुठून?

फळी सपाट करायला रंधा लागतो. पण रंध्याचाच तळ सपाट करायचा असेल तर? शिसवीच्या ठोकळ्यातून पहिला रंधा घडवला तेव्हा हा प्रश्न मला पडला, तोही पातं बसवून झाल्यावर. धार चांगली होती, पाचर घट्ट होती, तरी रंधा फळीच्या सुरुवातीला कापायचा, शेवटी कापायचा आणि मधे नुसता घसरत जायचा. तळ वर करून त्यावर पट्टी उभी धरली आणि खिडकीकडे बघितलं. तोंडाच्या, म्हणजे पातं जिथून बाहेर येतं त्या फटीच्या, आसपास पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ दिसत होती. तळ मधे खोलगट होता, पातं फळीपर्यंत पोचतच नव्हतं.

तो तळ दुरुस्त करायला आधी काहीतरी सपाट हवं. ते ‘काहीतरी’ माणसाने कुठून कुठून मिळवलं, हाच खरं तर रंध्याच्या तळाचा इतिहास आहे.

सगळ्यात जुना आधार ताणलेल्या दोरीचा. सुतार हा शब्दच ‘सूत्रधार’ वरून आलेला आहे, हातात सूत धरणारा तो सुतार. दोरीला काव लावायची, ती ताणून धरायची, मधे उचलून सोडायची, की लाकडावर लाल सरळ रेघ उमटते. ‘रंधा’ हा शब्द मात्र फारसीतला ‘रंदा’, आणि काटकोन बघायचा ‘गुण्या’ही फारसीतूनच आला. सूत आपलं, रंधा आणि गुण्या फारसी, आणि तिन्ही एकाच पेटीत. मला हे फार आवडतं.

प्राचीन इजिप्तच्या सुतारांकडे रंधा असल्याचं दिसत नाही. वाकसाने तासायचं आणि दगडाने घासायचं, अशीच त्यांची फर्निचरं झाली. सपाटी तपासायची रीत मात्र त्यांच्याकडे पक्की होती, ती दगडकामात. एकसारख्या उंचीच्या तीन काड्या घ्यायच्या. दोन काड्या दोन टोकांना उभ्या करून त्यांच्या माथ्यावरून दोरी ताणायची आणि तिसरी काडी दोरीखालून फिरवायची. काडी जिथे दोरीला अडते तिथे दगड उंच आहे. दुसरी रीत काव लावलेली सपाट पाटी दगडावर टेकवण्याची. रंग लागेल तो उंचवटा, तेवढाच काढायचा.

रंधा ठळकपणे दिसतो तो रोमन काळात. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत रंधे सापडले, आणि इंग्लंडमध्ये सिल्चेस्टरला १८९० मध्ये एक मिळाला. त्याचा तळ लोखंडी पत्र्याचा आणि आतला गाभा लाकडाचा. तळ झिजतो हे त्या कारागिरांना नक्कीच कळलेलं होतं.

पुढची अनेक शतकं युरोपातला रंधा मुख्यतः लाकडाचाच राहिला. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश जहाजातल्या सुतारांच्या सामानातही लाकडी रंधे निघाले. लाकडी तळाची काळजी घेणं हे तेव्हा रोजच्या कामातच धरलेलं असे. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि तळ सगळ्यात लवकर झिजतो तो तोंडाच्या पुढच्या कडेला. तिथेच फळीचे तंतू दाबून धरले जातात. ती कड झिजली की तंतू पात्याआधीच उचकटतात आणि फळीवर ओरखडे उठतात. शिवाय तोंड आत रुंद होत गेलेलं असल्यामुळे तळ जितक्या वेळा रंधावा तितकी फट मोठी होते. त्यावरचा उपाय आजही तोच आहे, तोंडापुढे कठीण लाकडाचं ठिगळ बसवणं.

हा तळ रंधायचा कशाने? त्याहून लांब रंध्याने. लांब रंधा लहान खळग्यांवरून तरंगत जातो आणि फक्त उंच जागा कापतो. मग त्या लांब रंध्याचा तळ कशाने तपासायचा? सरळ पट्टीने. आणि पट्टी सरळ आहे कशावरून? इथे सुतारांची जुनी युक्ती आहे. पट्टीच्या कडेने फळीवर रेघ ओढायची, पट्टी उलटी करून तीच कड त्याच रेघेला लावायची आणि पुन्हा रेघ ओढायची. दोन रेघा एक झाल्या तर कड सरळ. फट दिसली तर चूक त्या फटीच्या निम्मी. पट्टीला कसलाही दाखला लागत नाही, तिची तपासणी तीच करते.

पृष्ठभागासाठी हाच विचार एकोणिसाव्या शतकात लोखंडात उतरला. लंडनमध्ये हेन्री मॉड्सलेच्या कारखान्यात कामगारांच्या बाकांवर सपाट केलेल्या लोखंडी पाट्या असत. तिथेच काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेपुढे अशा पाट्या करायची रीत मांडली. एमरीने, म्हणजे घासायच्या कठीण पुडीने, घासून दोन पाट्या जुळवत बसू नका, असं त्याचं म्हणणं. कारण दोन पाट्या एकमेकींवर अचूक बसल्या तरी एक फुगीर आणि दुसरी खोलगट असू शकते. म्हणून तीन घ्यायच्या. पहिलीला दुसरी, दुसरीला तिसरी, तिसरीला पहिली, प्रत्येक वेळी रंग लावून भिडवायची आणि रंग लागलेले उंचवटे हाताच्या खरवडणीने काढायचे. तिन्ही पाट्या आडव्या-उभ्या फिरवून भिडवल्या तरी परस्परांशी जुळतात तेव्हा त्या तिन्ही सपाट असतात, दुसरी शक्यताच उरत नाही. पुण्या-पिंपरीच्या टूलरूममध्ये काम केलेल्या फिटरला ‘सरफेस प्लेट’ (हीच सपाट पाटी) आणि ‘निळं लावून बघणं’ समजावून सांगावं लागत नाही. इजिप्तची काव आणि टूलरूममधलं निळं, दोन्हींचं काम तेच.

मग रंधाही लोखंडी झाला. अमेरिकेत लेनर्ड बेलीच्या रंध्यांचे हक्क १८६९ मध्ये स्टॅनली कंपनीने घेतले आणि ओतीव लोखंडाचा, यंत्राने घासलेल्या तळाचा रंधा जगभर गेला. तळ सपाट करणं हे कारखान्याचं काम झालं. सुतारांच्या हातातून एक विद्या गेली, असं मला वाटतं.

जपानमध्ये ती गेली नाही. तिथला रंधा, ‘कान्ना’, आजही बहुधा ओकच्या ठोकळ्याचा असतो आणि तो आपल्याकडे ओढून चालवतात. त्याचा तळ मुद्दाम पूर्ण सपाट ठेवत नाहीत. तोंडापुढची पट्टी आणि पुढचं टोक अशा मोजक्या जागाच फळीला टेकतात, मधला भाग किंचित खोल खरवडतात. टेकणाऱ्या जागा मात्र एका पातळीत हव्यात. खरवडायला वेगळा छोटा रंधा असतो, त्याचं पातं जवळजवळ उभं. हवा बदलली की लाकूड बदलतं, म्हणून तळ पुन्हा पुन्हा बघायचा. संपूर्ण सपाटीचा हट्ट कमी आणि नेमक्या जागांची काळजी जास्त, हे शहाणपण मला पाश्चात्त्य रीतीपेक्षा पटतं.

हाताने रंधा घडवायची ओढ पश्चिमेत पुन्हा रुजली त्यात जेम्स क्रेनॉव्हचा मोठा वाटा आहे. १९२० मध्ये सायबेरियात जन्मलेला हा कारागीर स्वीडनमध्ये शिकला आणि १९८१ पासून कॅलिफोर्नियात फोर्ट ब्रॅगला शिकवू लागला. ठोकळ्याच्या दोन बाजू करवतीने वेगळ्या करायच्या, मधला भाग तिरपा कापून पात्याची जागा करायची आणि सगळं पुन्हा सरसाने जोडायचं. अशा रीतीने दोन-तीन दिवसांत घरी रंधा होतो.

आणि सपाट आधार? तो आता काचेच्या दुकानात मिळतो. पूर्वी आरशाची काच ओतून दोन्ही बाजूंनी घासावी लागे. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगवतात आणि ती आपोआप सपाट होते. दहा मिलिमीटर जाडीचा असा तुकडा, त्यावर चिकटवलेला काचकागद (या कागदावर एके काळी खरंच काचेची पूड असे), एवढं पुरतं.

माझा तळ मी त्यावरच घासला. पहिल्या खेपेला पातं न बसवताच घासला आणि ते चुकलं. पाचर ठोकली की तिच्या दाबाने तळ हलतो, म्हणून पातं आणि पाचर कामाच्या वेळेइतकीच घट्ट हवीत, फक्त पातं आत ओढलेलं. दुसऱ्या खेपेला तसं केलं. तळावर पेन्सिलीने आडव्या-तिरप्या रेघा मारल्या आणि एकाच दिशेने, मागेपुढे न झुकता सरकवत गेलो. आधी दोन्ही टोकांच्या रेघा पुसल्या, मग कडांच्या. तोंडापुढची एक रेघ बराच वेळ तशीच राहिली. ती फिकट झाली, मग तुटली, मग गेली. त्यानंतर सागाच्या फळीवर रंधा मारला, तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच अखंड सालपट निघालं.