नव्वद की तीस? व्हाइट नक्की जातो कुठे

पूल खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाला नव्वदचा नियम पाठ असतो, टक्कर झाली की व्हाइट, म्हणजे काठीने मारायचा पांढरा बॉल, आणि समोरचा बॉल एकमेकांपासून काटकोनात फुटतात. बरोबर आहे, त्यावर मी वेळ घालवत नाही. वैताग येतो तो त्याच्या पुढच्या वाक्याचा, "पण माझा व्हाइट तसा जातच नाही, पुढे पळतो आणि पॉकेटमध्ये पडतो". मग शेजारचा कुणीतरी सांगतो की अरे नव्वद नाही रे, तीस असतात. झालं! दोघांनी अर्धं अर्धं सांगितलं आणि ऐकणारा पोरगा पुढचे सहा महिने नुसत्या अंदाजाने मारत बसतो.

आधी छोटा घोळ. हे दोन आकडे एकाच रेषेपासून मोजलेलेच नाहीत. नव्वद मोजायचे समोरचा बॉल जिकडे गेला त्या रेषेपासून, आणि तीस मोजायचे व्हाइट आधी जिकडे चालला होता त्या रेषेपासून. हाफ-बॉल घ्या, म्हणजे व्हाइटच्या मध्यातून धरलेली नजर समोरच्या बॉलच्या बरोबर कडेवर. समोरचा बॉल ३० अंशांनी एका बाजूला जातो. व्हाइट जर घसरत, म्हणजे न फिरता, आला असेल तर तो दुसऱ्या बाजूला ६० अंश वळतो, तीस आणि साठ, झाले नव्वद. आणि व्हाइट घरंगळत आला असेल तर साधारण ३४ अंशच वळतो, यालाच ढोबळमानाने तीस म्हणतात. निशाणा तोच, कट (बॉल तिरका लागणं) तोच, तरी दोन वाटांत २६ अंशांचा फरक, म्हणजे मीटरभर पुढे गेल्यावर जवळपास ४५ सेंटिमीटर! नऊ फुटी टेबलाची आतली रुंदी १२७ सेंटिमीटर असते, त्यातले ४५ चुकले तर पुढचा बॉल कसला मिळतोय.

आता खरा मुद्दा, आणि यासाठीच लिहायला बसलो. घसरत की घरंगळत हे ठरतं ते टक्कर होते त्या क्षणी. तुम्ही टिप, म्हणजे काठीचं टोक, कुठे लावली त्यावरून नाही. "मी तर बरोब्बर मध्यावर मारला होता, मग स्टन का नाही झाला?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय. स्टन म्हणजे व्हाइट न फिरता, नुसता घसरत लागणं. मध्यावर मारला की व्हाइट निघताना घसरतच निघतो, ते खरं, पण खाली कापड आहे ना, ते त्याला खालून घासत असतं आणि घासता घासता पुढे फिरवायला लागतं, आणि थोड्याच अंतरात घसरणं संपून तो पूर्ण घरंगळायला लागतो. किती अंतरात? सेकंदाला एक मीटर वेगाने मध्यावर मारलात तर साधारण १२-१३ सेंटिमीटर. वीतभर पण नाही! वेग दुप्पट केलात तर अंतर चौपट, म्हणजे अर्धा मीटर. कापडाप्रमाणे हे आकडे हलतात, नवीन गुळगुळीत कापडावर जास्त घसरतो, पावसाळ्यात दमट झालेल्या जुन्या कापडावर लवकर घरंगळतो. तर समोरचा बॉल मीटरभर लांब असताना हळू आणि मध्यावर मारलेला शॉट हा स्टन नसतोच, तो तीसवाला शॉट आहे, तुम्ही त्याला नाव काहीही द्या.

मग तिथे स्टन हवा असेल तर? मध्याच्या खाली मारायचा. व्हाइट उलटा फिरत निघतो, कापड ते उलटं फिरणं खात खात जातं, आणि बरोबर समोरच्या बॉलपाशी पोचताना ते शून्यावर आलेलं पाहिजे. जितका लांब आणि जितका हळू, तितकी टिप खाली. सरळ रेषेतला स्टॉप शॉट, ज्यात व्हाइट लागल्यावर जागेवरच थांबतो, तो पण हाच, त्याला वेगळं काहीतरी समजू नका.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर व्हाइटच्या जागी पिवळ्या पट्ट्याचा नऊ नंबर ठेवा, पट्टा कमरेला बांधल्यासारखा आडवा. खाली मारा आणि नुसता पट्टा बघा. आधी तो तुमच्याकडे उलटा येतो, मग क्षणभर पट्टा जिथल्या तिथे आणि बॉल मात्र पुढे सरकतोय, आणि लगेच पट्टा पुढच्या बाजूला कोलांट्या खायला लागतो. तो मधला क्षण म्हणजे नव्वद. इतकासाच असतो तो, आणि तो कुठे पडेल ते तुम्ही ठरवायचं असतं.

कॅरममधून आलेल्यांचा इथे जास्त गोंधळ होतो. स्ट्रायकर चपटा, तो कायम घसरतच जातो, घरंगळणं हा प्रकारच तिथे नाही. सरळ मारल्यावर तो सोंगटीच्या मागोमाग पुढे जातो कारण तो जड आहे, १५ ग्रॅमपर्यंतचा स्ट्रायकर आणि साधारण ५ ग्रॅमची सोंगटी. पूलमध्ये सगळे बॉल सारख्याच वजनाचे धरून चाला. सरळ आणि घसरत लागला तर व्हाइट जागेवर थांबतो. पुढे गेलाच तर तो घरंगळण्यामुळे गेला, जोर जास्त झाला म्हणून नाही, तेव्हा जोर कमी करून तो थांबणार नाही, उलट कमी जोरात तो अजूनच घरंगळेल.

घरंगळणारा व्हाइट काटकोन का सोडतो तेही सोपं आहे. टक्कर होते तेव्हा वेग वाटला जातो, पण बॉल गुळगुळीत असल्यामुळे पुढे फिरणं बरंचसं व्हाइटकडेच राहतं. तो निघतो काटकोनाच्या रेषेवरच, मग कापड पकडतं आणि त्याला पुढे वळवतं. जोरात मारलेल्या शॉटमध्ये हे वळण स्पष्ट दिसतं, आधी थोडा आडवा जातो मग वाकतो. वाऱ्यांच्या अभ्यासातलं कोरिओलिस बल ज्यांच्या नावाने ओळखतात त्या कोरिओलिसनी १८३५ मध्येच या वाकण्याचं गणित मांडलं होतं, तो वाक पॅराबोलाचा असतो.

आणि तीसची खरी मजा म्हणजे क्वार्टर-बॉलपासून थ्री-क्वार्टर-बॉलपर्यंत, म्हणजे समोरचा बॉल पाव झाकला जाण्यापासून पाऊण झाकला जाईपर्यंत, कसाही कट लागो, घरंगळता व्हाइट २७ ते ३४ अंशांतच वळतो. तर्जनी आणि मधलं बोट चांगलं ताणून व्ही करा, एक बोट निशाण्याच्या रेषेवर धरा, दुसरं सांगेल व्हाइट कुठे जाणार. अगदी पातळ कट आणि अगदी भरून लागलेला शॉट इथे चालत नाही. बिलियर्ड्सवाले हे फार आधीपासून जाणतात, हाफ-बॉल इन-ऑफ (समोरच्या बॉलला लागून आपलाच बॉल पॉकेटमध्ये घालणं) हा त्यांचा पायाच आहे, पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये ज्या खेळात जागतिक हौशी विजेते झाले तो हाच खेळ.

साइडबद्दल, म्हणजे व्हाइटच्या डाव्या-उजव्या बाजूला टिप लावून दिलेल्या फिरकीबद्दल एवढंच, ती कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) लागल्यावर व्हाइटची दिशा बदलते, बॉलला लागल्यावर जवळजवळ नाही. प्रत्येक शॉटला साइड लावणाऱ्यांनी निदान हे शिकेपर्यंत ती बंद ठेवावी.

माझं ठाम मत, तीस आधी शिका. पार्लरमध्ये नवीन मुलाला पहिल्या दिवशी स्क्रू, म्हणजे खाली मारून व्हाइट मागे आणणं, शिकवतात ते मला अजिबात पटत नाही. हळू आणि मध्यम जोराचे बहुतेक शॉट घरंगळतच पोचतात, मग रोज लागणारी गोष्ट सोडून कधीतरी लागणारी आधी कशाला? पहिल्यापासून घरंगळत पाठवायचा असेल तर टिप बॉलच्या उंचीच्या सात दशांशावर लावा, ५७ मिलिमीटरच्या बॉलला ते कापडापासून ४० मिलिमीटर येतं.

आज टेबलावर गेलात तर एकच करा. हाफ-बॉलचा कट लावा, मध्ये मीटरभर अंतर ठेवा, जागा खडूने खुणा करून पक्क्या करा. मध्यावर हळू मारा आणि व्हाइट कुशनला कुठे लागतो तिथे खडूची वडी ठेवा. मग त्याच जागेवरून खाली, जरा जोरात. तो दुसऱ्या कुठल्या तरी ठिकाणी जाऊन लागेल. तिथे दुसरी वडी ठेवा आणि दोघींमधलं अंतर बघा.