धुळीमुळे सूर्यास्त रंगतो?

हवेत धूळ-धूर जितका जास्त तितका सूर्यास्त रंगीत, असं फोटोग्राफर वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आलेत. हे खरं नाही. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्यापेक्षा जवळपास ३८ पट हवेतून येतो. वाटेत हवेचे रेणूच निळा प्रकाश विखरून टाकतात आणि केशरी-तांबडा उरतो. त्याला धूळ लागत नाही. उलट जमिनीलगतचे मोठे कण सगळेच रंग सारखे विखुरतात, आकाश मळकट दिसतं. मग फोटोत सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, कितीही वाढवा, तो ताजेपणा येत नाही. १८८३च्या क्राकाटोआ ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर जगभर आकाश लालभडक झालं खरं, पण ते सूक्ष्म कण फार उंचावर, स्थितांबर या वातावरणाच्या वरच्या थरात होते. पाऊस पडून हवा धुतली गेली की कॅमेरा घेऊन निघा. आणि सूर्य बुडताच ट्रायपॉड आवरू नका. उंचावरचे ढग बहुधा त्यानंतरच पेटतात.