नीटनेटका कोड म्हणजे अभियांत्रिकी नव्हे

सॉफ्टवेअर लिहिणे ही कला, कारागिरी की अभियांत्रिकी, या वादात खरा घोळ शेवटच्या दोहोंत होतो. वाचायला सोपा, टेस्ट लिहिलेला, सुटसुटीत कोड दिसला की त्याला ‘उत्तम इंजिनिअरिंग’ म्हणून मोकळे व्हायची सवय आपल्या क्षेत्राला जडली आहे. असा कोड उत्तम कारागिरीचा नमुना असतो यात शंका नाही. परंतु त्यामागे अभियांत्रिकी झाली आहे की नाही, हे नुसता कोड पाहून सांगता येत नाही.

कलेचा मुद्दा आधीच निकाली काढतो. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९७४ मध्ये ट्युरिंग पुरस्काराच्या (संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान) भाषणात प्रोग्रॅमिंग ही कला असल्याचे आग्रहाने मांडले, आणि एखादा प्रोग्रॅम मनासारखा जमल्याचा आनंद ज्याला ठाऊक आहे तो त्यांच्याशी वाद घालणार नाही. मात्र हा आनंद लिहिणाऱ्याचा असतो. ॲपवरून वीजबिल भरणाऱ्याला हमी हवी असते. कारागिरी कशाला म्हणतात हे तर रोज कोड लिहिणाऱ्याला सांगायलाच नको: नावे विचारपूर्वक देणे, फंक्शन (कोडचे एकेका कामाचे तुकडे) आटोपशीर ठेवणे, रिव्ह्यूतल्या, म्हणजे सहकाऱ्यांनी कोड तपासताना केलेल्या, सूचना मनावर घेणे, जाणत्या सहकाऱ्याच्या शेजारी बसून हात बसवणे. पदवी, पदनाम, आकृत्या, वापरलेली टूल्स यांवरून कारागीर आणि अभियंता वेगळे करण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

फरक आहे तो हमी कुठे राहते यात. कारागिरीत ती करणाऱ्याच्या अनुभवात राहते. तो निवृत्त झाला किंवा नोकरी सोडून गेला की हमीही त्याच्याबरोबर जाते. अभियांत्रिकीत ही वस्तू कोणत्या मर्यादेपर्यंत चालेल, ती मर्यादा कशाच्या आधारावर ठरवली आणि ती ओलांडली गेल्यास काय होईल, हे पूर्णपणे अनोळखी माणसाला मूळ कर्त्याला न विचारता तपासता आले पाहिजे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे एरियान-५. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून पहिल्याच उड्डाणाला निघालेले हे युरोपीय रॉकेट उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत ‘क्लस्टर’ नावाच्या चार उपग्रहांसह नष्ट झाले. रॉकेटची स्थिती आणि गती मोजणाऱ्या प्रणालीत, आडव्या वेगाशी निगडित असलेली ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जात होती. अशा पूर्णांकात ३२,७६७ च्या वरची संख्या मावत नाही. ती मावेनाशी झाली आणि प्रणाली बंद पडली. राखीव प्रणालीवरही तोच कोड असल्यामुळे ती तर क्षणभर आधीच बंद पडली होती.

ही हकीकत ‘प्रोग्रॅमर साधी तपासणी विसरला’ अशी सांगितली जाते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण चौकशी मंडळाचा अहवाल नेमके उलटे सांगतो. हा कोड एरियान-४ या आधीच्या रॉकेटसाठी लिहिलेला होता आणि तिथे तो चोख चालला होता. संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा असल्यामुळे, संख्या न मावण्याचा धोका असलेल्या सात व्हेरिएबलपैकी (बदलती मूल्ये साठवणाऱ्या जागांपैकी) चारांना संरक्षण दिले गेले. उरलेल्या तिघांची मूल्ये भौतिकदृष्ट्याच मर्यादित आहेत किंवा त्यांना भरपूर वाव आहे, असा विचार करून ती तशीच ठेवली गेली. एरियान-४ च्या उड्डाणमार्गापुरता हा विचार बरोबर होता. एरियान-५ चा आडवा वेग मात्र सुरुवातीलाच कितीतरी झपाट्याने वाढत होता. तरीही नव्या उड्डाणमार्गाची माहिती या प्रणालीच्या गरजांच्या यादीत न घेण्याचे सर्व संबंधितांनी मिळून ठरवले, म्हणून त्या मार्गावर तिची चाचणीही झाली नाही. आणि तिघांना मोकळे का सोडले याचे कारण सोर्स कोडमध्ये थेट कुठेही नोंदलेले नव्हते. विशेष म्हणजे ज्या आकडेमोडीत हा बिघाड झाला ती रॉकेटने जमीन सोडल्यानंतर एरियान-५ ला लागतच नव्हती.

कागदपत्रे कमी होती, असेही नाही. ती इतकी होती की हे गृहीतक त्यांच्यात कुणी मुद्दाम न लपवताही झाकले गेले, असे अहवालच म्हणतो. म्हणूनच जाडजूड दस्तऐवज आणि सह्यांचे रकाने यांनाच अभियांत्रिकी समजणाऱ्यांशीही माझे तितकेच पटत नाही.

हाच प्रकार आपल्याकडे कसा घडू शकतो ते पाहा. समजा, एका लहान पतसंस्थेसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये खात्यातील शिल्लक रुपयांत न ठेवता पैशांत (एका रुपयाचे शंभर पैसे), ३२ बिटांच्या पूर्णांकात ठेवली आहे. पैशांत हिशेब ठेवणे ही चांगल्या कारागिराची खूण आहे, कारण दशांश संख्या अंदाजे साठवल्या गेल्याने होणारी बारीक चूक त्यामुळे टळते. परंतु या पूर्णांकाची मर्यादा २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे इतकीच आहे. बचत खात्यांना ती पुरते. तोच प्रोग्रॅम उद्या जिल्हा बँकेत गेला आणि साखर कारखान्याचे खाते त्यात उघडले, तर पुरणार नाही. त्या ओळीवर ‘शिल्लक पैशांत’ एवढीच टीप लिहिणे माझ्या मते वाया आहे. तिथे मर्यादेचा आकडा, तो पुरेल असे मानण्याचे कारण आणि तो ओलांडताच व्यवहार नाकारणारी तपासणी, या तिन्ही गोष्टी हव्यात.

चार दिवस चालणाऱ्या लग्नाच्या संकेतस्थळाला यातले काही लागत नाही. तिथे कारागिरी पुरेशी आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र एका प्रकल्पातला चालता कोड उचलून दुसऱ्यात आणला जातो, तेव्हा रिव्ह्यूमध्ये नावे आणि मांडणी यांच्या आधी एकच गोष्ट विचारली जावी असा माझा आग्रह आहे: जुन्या ठिकाणी काय गृहीत धरले होते, आणि ते नव्या ठिकाणच्या आकड्यांवर कुणी तपासून पाहिले आहे का?