एकाच डोंगरावरच्या दोघी

पूर्व नेपाळच्या ताप्लेजुङ जिल्ह्यात ३,७९४ मीटर उंचीवर एक देवस्थान आहे. सिक्कीम-दार्जिलिंगहून येणारे भाविक त्याला पाथीभरा माता म्हणतात. त्याच वाटेवर एखाद्या लिंबू (पूर्व नेपाळमधला एक आदिवासी समाज) आजोबांना विचारा, ते डोंगराचं नाव मुक्कुमलुङ सांगतील आणि वर युमा राहते म्हणतील. ‘देवी एकच हो, नावं दोन’ असं म्हणून आपण मोकळे होतो. घोटाळा होतो तो इथेच.

पाथी हे आपल्या पायलीसारखं धान्याचं माप. शिगोशीग भरलेल्या पाथीसारखा दिसतो म्हणून डोंगराला हे नाव. वरची देवी म्हणजे भगवती, दुर्गेचं रूप. तिला नवस बोलतात (तिकडे ‘भाकल’) आणि तो फेडायला बोकड नेतात. हे सगळं आपल्याला ओळखीचं वाटतं.

युमा म्हणजे आजी. ती कुणा देवाची पत्नी म्हणून देवी झालेली नाही. लिंबूंची परमशक्ती तागेरा निङ्वाफुमा निराकार. तिचं माणसांच्या जवळचं रूप म्हणजे युमा. पूजा फेदाङ्मा, म्हणजे लिंबूंचा पुजारी, करतो आणि मुंधुम म्हणतो. मुंधुम म्हणजे त्यांच्या धर्मकथा आणि मंत्र, मूळचे पोथीतले नाहीत, तोंडपाठ चालत आलेले. मुक्कुम म्हणजे शक्ती, लुङ म्हणजे दगड. पवित्र आहे तो डोंगरच. देऊळ नसलं तरी काही अडत नाही. म्हणून २०२४ मध्ये केबल कारसाठी तिथली झाडं तोडली, तेव्हा किती तरी लिंबू रस्त्यावर आले आणि जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारापर्यंत गोष्ट गेली. भाविकाच्या दृष्टीने चढण वाचत होती. लिंबूंच्या दृष्टीने घाव आजीच्या अंगावर पडत होता.

‘बळी देतात ते आदिवासी, सात्त्विक ते हिंदू’ हा हिशेबही इथे उलटतो. लिंबू संत फाल्गुनंद (१८८५–१९४९) यांनी बळी आणि दारू सोडायला सांगितलं. त्यांचे अनुयायी आजही ते पाळतात. पाथीभराला बोकड घेऊन चढणाऱ्यांत हिंदू भाविक असतातच.

मग मूळ कोणाचं? लिंबू आणि त्यांच्या शेजारचे राई स्वतःला किरात म्हणवतात, म्हणून ‘शिव मुळात किरातच, महाभारतात लिहिलंय’ असं हमखास ऐकू येतं. वनपर्वात शिव किरात होऊन अर्जुनाशी लढतो, हे खरं. पण तो तिथे वेष घेतो आणि शेवटी खऱ्या रूपात प्रकटतो. म्हणजे सांगणाऱ्याच्या लेखी किरात हा परकाच. राई लोकांचं आद्य जोडपं पारुहाङ-सुम्निमा शिव-पार्वतीशी जोडलं जातं, पण मुंधुमात ते पूर्वज आहेत, कैलासवासी नाहीत. जोडणी झाली म्हणून एकातून दुसरा निघाला असं ठरत नाही, उलट्या दिशेनेही नाही. खंडोबा शंकराचा अवतार ठरल्यावर धनगरांच्या बाणाईला गंगा ठरवावं लागलंच ना!

डोंगराच्या नावाबाबत मात्र माझा कौल लिंबूंकडे. गोरखा राज्याने १७७४ मध्ये लिंबूंशी तह केला, तेव्हा त्यांचा मुलूख, लिंबुवान, तिथे आधीपासून नांदत होता.

पाथीभराहून दिसणारं ७,७१० मीटरचं शिखर नकाशात कुंभकर्ण म्हणून सापडतं. लिंबू त्याला फक्ताङलुङ म्हणतात, खांद्यांचा डोंगर.