ट्रक ड्रायव्हरचं श्रवणरक्षण

ट्रक चालवताना इंजिन, सायलेन्सर, वारा आणि हॉर्न यांच्या आवाजानं ड्रायव्हरचं ऐकणं कमी होऊ नये म्हणून गाडीत, केबिनमध्ये आणि खुद्द कानात जे उपाय करतात ते सगळे श्रवणरक्षणात येतात. सोलापुरात हा विषय निघायचं कारण सरळ आहे. पुणे-हैदराबाद महामार्ग ६५ (जुना ९) आणि विजापूर-धुळे जोडणारा ५२ (इथला भाग जुना १३ आणि २११) दोन्ही इथूनच जातात, शिवाय मार्केट यार्डातला कांदा, सिमेंट, साखर, चादर-टॉवेल सगळंच ट्रकवर चालतं.

कामाच्या आवाजानं कान जातात हे पहिल्यांदा कुणी नोंदवलं यावर संदर्भग्रंथांत मेळ नाही. इटलीचा वैद्य रामाझिनी यानं व्हेनिसच्या तांबटांना ठोकाठोकीनं बहिरेपण येतं असं लिहिलं, पण ते १७०० च्या पहिल्या आवृत्तीच्या नावावर टाकायचं की १७१३ च्या वाढवलेल्या आवृत्तीच्या, इथंच मतभेद आहेत, बहुतेक जण १७१३ धरतात. १८३१ साली इंग्लंडात फॉसब्रोक या डॉक्टरनं लोहारांच्या बहिरेपणाबद्दल लिहिलं. १८८६ मध्ये ग्लासगोच्या टॉमस बार या कानाच्या डॉक्टरनं १०० बॉयलर कामगार घेतले आणि त्यांचं ऐकणं ओतकाम करणारे आणि टपाल वाटणारे यांच्याशी ताडून पाहिलं, साधन काय तर खिशातल्या घड्याळाची टिकटिक. पहिला मान रामाझिनीला द्यायचा तर द्या, पण मोजणी सुरू झाली ती बारपासून असं धरणं जास्त बरं वाटतं.

नुकसान होतं ते आतल्या कानात, शंखासारख्या वेटोळ्यातल्या बारीक केसपेशींचं, आणि मेलेल्या केसपेशी माणसात परत उगवत नाहीत. ऐकण्यात पहिला खड्डा पडतो ४००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे आवाजाच्या पट्टीचं माप) आसपास, साधारण ३००० ते ६००० या पट्ट्यात. जाड, म्हणजे खालच्या पट्टीचे, आवाज नीट ऐकू येत राहतात म्हणून ड्रायव्हरला वाटतं कान ठणठणीत आहे, पण स, श, थ असली अक्षरं गळायला लागतात. ट्रान्सपोर्टवाला फोनवर साठ म्हणतो आणि इकडं आठ ऐकू येतं, मग भाड्यावरून वाद. लांबच्या खेपेनंतर कानाला दडे बसतात, शिट्टी वाजल्यासारखं होतं, झोपून उठलं की सुटतात, आणि दडे सुटले म्हणजे कान बरा झाला असं सगळे धरून चालतात. २००९ साली उंदरांवर झालेल्या कामात ऐकणं पूर्ववत होऊनही नसांचे जोड कायमचे तुटलेले दिसले, माणसात तसंच होतं का यावर अजून वाद आहे. कानाला उतार पडायला शांतता लागते आणि सोलापूरच्या पूर्व भागात घर असलेल्या ड्रायव्हरला तीही मिळेल असं नाही, शेजारी यंत्रमाग चालूच असतो.

जास्त वाद आहे तो कुठला कान आधी जातो याचा. अमेरिका-कॅनडात ड्रायव्हर डावीकडं बसतो, खिडकी डाव्या कानाशी, आणि तिकडं ड्रायव्हरांचा डावा कान जास्त खराब दिसला म्हणून दोष उघड्या खिडकीला दिला गेला. अडचण अशी की आवाजात काम करणाऱ्या इतर लोकांतही, जिथं खिडकीचा काही संबंध नाही, डावा कान थोडा जास्त उतरलेला अनेकदा आढळतो, म्हणजे तो फरक शरीराचाच असू शकतो. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो, कोपर खिडकीवर, ओव्हरटेक करणारी गाडी उजव्या कानाशी हॉर्न मारून जाते. तेव्हा इथल्या ड्रायव्हरचा उजवा कान जास्त गेलेला निघाला तरच खिडकीचा मुद्दा पक्का मानायचा. त्यातही इंजिनाची घरघर जाड आवाजाची, ती डोक्याला वळसा घालून दोन्ही कानांत सारखीच शिरते, डोक्याची आड होते ती वाऱ्याच्या सूं-सूं आणि हॉर्नच्या कर्कश भागाला. म्हणून खिडकीमुळं थोडा फरक पडेल, एक कान ठार बहिरा आणि दुसरा चांगला असं होणार नाही. तसं दिसलं तर खिडकीवर ढकलून मोकळं होऊ नये, दुसरा आजार तपासावा.

किती आवाज चालतो याचीही दोन गणितं आहेत. अमेरिकेच्या ओशा (OSHA) या कामगार-सुरक्षा खात्याच्या नियमात ८ तासांना ९० डेसिबल आणि दर ५ डेसिबलला वेळ निम्मा. तिथल्याच नायोश (NIOSH) या संशोधन संस्थेची शिफारस ८ तासांना ८५ आणि दर ३ ला निम्मा, म्हणजे ९४ ला १ तास, १०० ला १५ मिनिटं. १६ तास गाडीत बसणाऱ्याला याच हिशोबानं ८२ च चालतात. ३ चं गणित आवाजाच्या ऊर्जेशी जुळतं म्हणून तेच धरलेलं बरं. आपल्या कारखान्यांच्या नियमात ८ तासांना ९० आहे, पण ते शेडमधल्या कामगाराला, हायवेवरच्या ड्रायव्हरला लागू नाही. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा, जो आता कामगार सुरक्षेच्या २०२० च्या संहितेत गेलाय, ५ किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू होता, एक-दोन गाड्यांचा मालक त्यात येतच नव्हता.

उपायांत पहिला नंबर गाडीचा. फुटका सायलेन्सर, इंजिनावरच्या झाकणाचं सैल बसलेलं पॅकिंग, दाराची गेलेली रबर बिडिंग एवढं बदललं तरी फरक कळतो. नुसती चासी घेऊन वर लाकूड-पत्र्याची केबिन बांधलेल्या जुन्या गाड्यांत हे काम जास्तच. प्रेशर हॉर्न ब्रेकच्याच हवेवर वाजतो, तो काढून टाकावा, आणि विनाकारण हॉर्नला २०१९ च्या दुरुस्तीपासून कलम १९४ फ खाली पहिल्यांदा १०००, नंतर २००० रुपये दंड आहे. काच बंद ठेवा असं सांगणं सोपं, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सोलापुरात काच लावून कोण बसेल. म्हणून १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला ही श्रवणरक्षणातलीच मोठी गोष्ट मानली पाहिजे, जरी नियम उष्णतेसाठी केला असला तरी. जुन्या गाड्यांना तो लागू नाही.

कानात कापसाचा बोळा घालतात, त्यानं फार काही अडत नाही. फोमचा प्लग बोटांनी बारीक वळायचा, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कानाचा वरचा भाग वर-मागं ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत दाबून धरायचा. किती डेसिबल कमी होतील हा पाकिटावरचा आकडा प्रत्यक्षात मिळत नाही, नायोशनं १९९८ साली फोमला तो निम्माच धरायला सांगितलं होतं. आणखी एक, फोम बारीक, म्हणजे वरच्या पट्टीचे, आवाज जास्त अडवतो आणि जाड कमी, त्यामुळं घरघर राहते आणि माणसाचं बोलणं दबतं. ऐकणं आधीच उतरलेल्या ड्रायव्हरला मग मागं घेताना क्लीनरचं ‘आन दे, आन दे उस्ताद’ कळत नाही, फाळक्यावर मारलेली थापही कधी निसटते. म्हणून चालवताना सगळे आवाज सारखे कमी करणारे हलके प्लग बरे, आणि फोम लोडिंगला, जनरेटरजवळ किंवा ढाब्यावर झोपताना.

लायसनच्या नमुना १-अ मध्ये डॉक्टरनं कानाचं बघायचं ते एवढंच, की नेहमीचे ध्वनिसंकेत ऐकू येणार नाहीत इतका बहिरेपणा आहे का. ४००० चा खड्डा त्यात सापडत नाही, त्याला ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावर ऐकणं मोजायची तपासणी, लागते, आणि ती निदान एक रात्र गाडीपासून लांब राहून करायची, नाहीतर दडेच मोजले जातात. सोलापुरात त्यासाठी सिव्हिलचा, म्हणजे वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा, कान-नाक-घसा विभाग आहे. आवाजानं आलेलं बहिरेपण १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, भाग ब मध्ये, व्यवसायजन्य आजार म्हणून होतं (तो कायदा नोव्हेंबर २०२५ पासून २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय), पण त्याला एकाच मालकाकडं सलग ६ महिने नोकरी लागायची आणि दर हंगामाला गाडी बदलणारा ड्रायव्हर तिथंच अडकायचा.