गोलचं गाणं वेगळं आणि टीमचं गाणं वेगळं, कितीदा सांगायचं

दर सीझनला तेच होतं. हॉकीची टूर्नामेंट जवळ आली की खडकीत चहाच्या टपरीवर पोरं जमतात, यंदा गोल झाल्यावर कुठलं गाणं वाजवायचं हा विषय निघतो, आणि पाच मिनिटांत प्रत्येक जण असं गाणं सुचवतो जे गोलनंतर वाजवायचं नसतंच. कोणी चार मिनिटांचा पोवाडा काढतो, कोणी तुतारीने सुरू होणारं सिनेमातलं गाणं, कोणी म्हणतो आपण नवीनच लिहून घेऊ, त्यात खडकीचं नाव येईल, धनराज पिल्लेचं नाव येईल. यातलं एकही गाणं वाईट नाही, मला स्वतःला त्यातली अर्धी तोंडपाठ आहेत. पण ही सगळी टीमची गाणी झाली. गोलचं गाणं ही पूर्ण वेगळी चीज आहे, आणि दोन्हींची खिचडी करून आपण दरवर्षी दोन्ही वाया घालवतो.

टीमचं गाणं म्हणजे काय ते आयपीएलमुळे घरातल्या आजीलाही माहितीये, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. टीम मैदानावर येताना किंवा जिंकल्यावर पोरं चक्कर मारतात तेव्हा वाजतं, त्यात शब्द असतात, गाव असतं, आपण कोण ते सांगितलेलं असतं. २०१८ च्या भुवनेश्वर वर्ल्ड कपसाठी ए. आर. रहमानने गुलजारच्या शब्दांवर केलेलं गाणं आठवा, भव्य आहे, अंगावर काटा येतो, पण ते स्पर्धेचं गाणं होतं, प्रत्येक गोलला चिकटवायचं नव्हे. फुटबॉलवाल्यांना बायर्न म्युनिक माहिती असेल. त्या क्लबचं स्वतःचं जर्मन गाणं आहे, शब्दांसकट, पण गोल झाला की तिथे वर्षानुवर्षं वाजत आलंय ते ऑफेनबाखचं कॅन-कॅन. १८५८ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर आलेल्या ऑपेरेटातली ती पळती धून, त्यात म्युनिकचं नावगाव काही नाही. एकाच क्लबने दोन कामांना दोन गाणी ठेवलीयत, आणि आपण मात्र एकाच गाण्याकडून दोन्ही कामं करून घ्यायला बघतो.

बाकी फरक किरकोळ आहेत. एक मोठं असतं, एक छोटं. एक कॅप्टनला आवडलं पाहिजे, एक पब्लिकला. मराठी हवं की हिंदी यावर तर मी भांडतच नाही, कारण गोलच्या गाण्याला भाषा लागतेच कुठे.

घोळ होतो तो जोशावर. मॅचच्या आधी पब्लिक थंड असतं, कोणी वडापाव खातंय, कोणी गाडी लावायला जागा शोधतंय, कोणी बायकोला फोनवर सांगतंय की आठपर्यंत येतो. त्या माणसांना जागेवरून उठवायचं काम टीमच्या गाण्याचं, म्हणून त्याने हळूहळू चढत गेलं तरी चालतं, आधी तुतारी, मग एकटा आवाज, मग कोरस, मग ढोल. गोल झाला त्या क्षणाला मात्र तीच माणसं आधीच उभी असतात, घसा फाडून ओरडत असतात, शेजारच्या अनोळखी काकांना मिठी मारत असतात. जोश आलेलाच आहे, तुम्ही तो काय आणणार. दोनशे माणसं दोनशे सुरांत ओरडतायत त्यांना एका ठेक्यावर आणायचं आणि तो आनंद अजून दहा-पंधरा सेकंद धरून ठेवायचा, एवढंच गोलच्या गाण्याचं काम. त्यामुळे जे गाणं हळूहळू चढतं ते इथे उलटं काम करतं, आधीच वर गेलेल्या माणसांना ते खाली आणून परत पहिल्या पायरीवर उभं करतं.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. दोन वर्षांपूर्वी पिंपरीला, नेहरूनगरच्या ध्यानचंद स्टेडियमवर, आमची सेमीफायनल. २-२, शेवटचा क्वार्टर, आम्हाला पेनल्टी कॉर्नर. पुश आला, डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, टोकावर स्टॉप झाला, आमच्या पोराने खाली वाकून ड्रॅग मारला आणि बॉल गोलकीपरच्या डाव्या पायाजवळून जाऊन मागच्या फळीवर ठाक्‌कन बसला. अख्खा स्टँड उभा. आणि स्पीकरमधून काय आलं तर आधी वाऱ्याचा आवाज, मग लांबून तुतारी, मग एक भारदस्त आवाज संथपणे काहीतरी सांगायला लागला. लोक ओरडायचे थांबले. खरंच थांबले, स्पीकरकडे बघायला लागले की हे काय चाललंय. मित्राने मोबाइलवर शूट केलेलं ते मी नंतर मोजलं, पहिला ढोल पडायला सव्वीस सेकंद लागले, आणि तोपर्यंत समोरच्यांनी सेंटर पास घेऊन मधून खेळ परत सुरू केला होता आणि अंपायर हात करून सांगत होता की बंद करा ते. ढोल पडला आणि गाणं कापलं. मॅच आम्ही जिंकलो, पण तो मधेच पडलेला आवाज मला अजून टोचतो, कारण ती पोरं त्या पंधरा सेकंदांसाठी वर्षभर सकाळी साडेपाचला टर्फवर असतात.

म्हणून माझी पहिली अट एकदम साधी आहे. गाण्याचे पहिले दोन सेकंद ऐका. त्यात हात आपोआप टाळीला गेला तर पुढे बोलू, नाहीतर ते गाणं कितीही लाडकं असलं तरी सोडून द्या. मधला हुक पॉइंट कापून लावू असं म्हणणारे असतात, लावा की, पण मग कापलेला तुकडा परत पहिल्यापासून ऐका, बहुतेक वेळा त्यात एक श्वास राहिलेला असतो आणि तेवढ्याने सगळं घसरतं.

वेळ किती मिळतो हेही नीट समजून घ्या. इंटरनॅशनल हॉकीत २०१४ मध्ये पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन हाफ जाऊन पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर आले, तेव्हा गोलनंतर आणि पेनल्टी कॉर्नर मिळाल्यावर ४० सेकंदांचा थांबा ठेवला होता, आणि रिप्ले दाखवायला, संगीत वाजवायला वेळ मिळावा हे कारण उघडपणे सांगितलं होतं. म्हणजे खेळ चालवणाऱ्यांनीच गाण्यासाठी जागा केली. पण आपल्या लोकल मॅचला कोणी ४० सेकंद देत नाही, मी मोजलंय, पोरं मिठ्या मारून परत येईपर्यंत वीस-पंचवीस सेकंद, आणि समोरची टीम घाईत असेल तर त्याहून कमी. तेवढ्यात सुरू, मध्य आणि शेवट बसला पाहिजे. बारा सेकंद धरा.

आता तो भोंगा. आइस हॉकीचे व्हिडिओ बघून बघून पोरांच्या डोक्यात बसलंय की गोलला भोंगा पाहिजेच. तिथला भोंगा कुठून आला ते बघा. १९७३ ला आइस हॉकीच्या स्टॅनली कप फायनलला शिकागोमध्ये तिथल्या टीमचे अध्यक्ष बिल विर्ट्झ यांनी आपल्या यॉटवर होता तसला भोंगा स्टेडियममध्ये बसवला, तो लोकांना आवडला आणि पुढे सगळीकडे पसरला, कोलंबस शहराची टीम तर २००७ पासून चक्क तोफ उडवते. पण तिथे त्याचं खरंच काम आहे. पक म्हणजे रबराची छोटीशी काळी चकती, गोलसमोर सात-आठ जण धडपडत असताना ती रेषेच्या आत गेली की नाही हे मागच्या रांगेला दिसत नाही, म्हणून लाल दिवा आणि म्हणून भोंगा. तो भोंगा बातमी देतो, आणि गाणं त्याच्यानंतर वेगळं लागतं, दोन्ही एक नाहीत. आपल्याकडे बातमी द्यायला गोलच्या आत ४६ सेंटीमीटर उंचीची फळी आहे. बॉल तिच्यावर बसला की जो ठाक् आवाज येतो तो वरच्या पायरीवर बसलेल्या माणसालाही कळतो आणि जगातला कुठलाही भोंगा मला त्याच्यापेक्षा गोड वाटत नाही. त्याच्यावर प्लॅस्टिकचे पिपाणी-भोंगे वाजवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. उंच मारलेला बॉल जाळीत गेला तर आवाज येत नाही, मान्य, पण तेव्हा तो सगळ्यांना दिसलेला असतोच.

शिकागोकडूनच घ्यायचं तर दुसरी गोष्ट घ्या. भोंग्यानंतर त्यांचं गाणं लागतं, स्कॉटलंडच्या द फ्रॅटेलिस नावाच्या बँडचं, २००६ सालचं. अख्खं स्टेडियम त्यातलं काय गातं, तर शब्द नाहीतच, नुसतं डा-डा-डा करत ती चाल गातात. सहा वर्षांचं पोरगं गाऊ शकतं, पहिल्यांदाच मॅचला आलेला माणूस दुसऱ्या गोलला गाऊ शकतो. टीमच्या गाण्याचे शब्द पाठ करावे लागतात, गोलच्या गाण्यात पाठ करायला काही असलं की नवीन माणूस बाहेर पडला.

आणि दुसरी अट, जी कोणीच लावून बघत नाही. १-५ ने मागे असताना तुमच्या टीमने एक गोल काढलाय असं डोळ्यासमोर आणा. हॉकीत असे स्कोअर होतात. आता त्या क्षणाला तुम्ही सुचवलेलं गाणं वाजवा. आम्ही अजिंक्य, आमच्यासमोर कोण टिकणार, असे शब्द २-५ ला स्पीकरवर लागले की आपल्याच पोरांची मान खाली जाते, मी बघितलीय जाताना. गोलचं गाणं सहाव्या मिनिटाला चाललं पाहिजे आणि हरलेल्या मॅचच्या अठ्ठावन्नाव्या मिनिटालाही, कारण तो गोलसुद्धा कोणीतरी धावून धावून मारलेला असतो. नुसता ठेका असेल तर तो कुठल्याही स्कोअरला खोटा पडत नाही.

याच कारणाने महाराजांच्या नावाची घोषणा स्पीकरवर गोलचं गाणं म्हणून लावायला माझा ठाम विरोध आहे. टीम मैदानात येताना द्या, सगळे उभे राहून देऊ, मी सगळ्यात पुढे असेन. पण पाचव्या कन्सोलेशन गोलला बटण दाबून ती वाजवायची आणि सेंटर पास झाला म्हणून अर्ध्यात कापायची, हे मला बघवत नाही. पब्लिकने आपणहून दिली तर तो त्यांचा हक्क.

मग वाजवायचं काय. पुण्यात राहून हा प्रश्न पडावा याचंच मला वाईट वाटतं. गणपतीत जी पोरं पथकात ताशा बडवतात तीच पोरं रविवारी आपल्या स्टँडमध्ये बसलेली असतात. एक ताशा, तीन ढोल आणि शेवटच्या ठोक्याला एक टोल, बास, पन्नास नकोत. ताशाची तर्री, म्हणजे तो सलग कडकडाट, पहिल्या सेकंदाला सुरू होते, तिला वाट बघावी लागत नाही, दोन-तीन सेकंदांत ढोल पडतात, चार ठोके, मग तीन ठोक्यांची जागा रिकामी सोडायची आणि तिथे पब्लिकने टाळ्या द्यायच्या, असं तीन वेळा, आणि टोलवाल्याने एक ठोका देऊन बंद. बारा-तेरा सेकंद होतात, आम्ही वस्तीतल्या मैदानावर करून बघितलंय. सिनेमाचं गाणं जाहीर कार्यक्रमात लावायचं म्हणजे लायसन्सची भानगड असते तीही नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, वाजवणारा माणूस मॅच बघत असतो. सेंटर पास लवकर झाला तर तो दोन आवर्तनांत थांबतो, पोरं अजून मिठीत असली तर चौथं वाजवतो. लॅपटॉपसमोर बसलेल्या डीजेला हे जमत नाही, त्याची मान स्क्रीनमध्ये असते.

फक्त दोन पथ्यं पाळायची. खेळ सुरू झाला की टिपरू खाली, चालू खेळात ढोल वाजला की बॅकला आपल्या गोलीची हाक ऐकू येत नाही आणि त्याचा फटका आपल्यालाच बसतो. दुसरं, बॉलकडे बघून सुरू करायचं नाही, अंपायरकडे बघून करायचं. डीच्या बाहेरून मारलेला बॉल सरळ आत गेला तर तो गोल नाही, कोणाच्या पायाला लागला असेल, आधीची शिट्टी झाली असेल. अंपायरने दोन्ही हात सेंटरच्या दिशेने सरळ केले की गोल, आणि तेव्हाच तर्री. अर्ध्या सेकंदाचा उशीर होतो, होऊ दे, वाजवून मागे घ्यायची वेळ आली की स्टँडमधलं वारंच निघून जातं.

आणि ते नवीन लिहायचं गाणं, खडकीचं, धनराजचं, ते लिहाच. २०१२ ला वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्स फायनलपर्यंत गेली होती तेही त्यात येऊ द्या, चांगली तीन कडवी करा, तुतारी घाला, टीम बोगद्यातून बाहेर येताना पूर्ण वाजवा. मी पेटीवर बसायला तयार आहे. ताशाला आमच्या गल्लीतला नववीतला एक पोरगा बघून ठेवलाय, मागच्या रविवारी त्याला उजव्या बाजूच्या डीच्या मागे बसवला होता, तिथून अंपायरचे हात स्पष्ट दिसतात. पहिल्या गोलला घाबरून उशिरा सुरू झाला, दुसऱ्या गोलला हात सरळ झाले आणि तर्री पडली, आणि समोरच्या टीमच्या पालकांनीसुद्धा त्या तीन टाळ्या दिल्या.